अर्धी आयत

९ जानेवारी

टकळी,

काल फोन तुटला नव्हता, मी ठेवला. तू मला फोनवर बोलू देत नाहीस, आणि कॅमेऱ्यासमोर बसायला लागल्यापासून तर तुला मधे श्वास घ्यायचीही सवय राहिलेली नाही. म्हणून पत्र. पत्रात तुला तोंड घालता येत नाही.

कार्यक्रम पाहिला. पाहावा लागला. अब्बांना पायामुळे घरभर हिंडता येत नाही, तरी दुपारीच वॉकर सरकवत टीव्हीसमोर जाऊन बसले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं, काकूंनी सुनेला आणलं, सुनेने तिच्या आईला. मी आत सगळ्यांचा चहा करत होते. तू दिसलीस तसा अब्बांनी हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं. माझं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "कागद बरा वापरलाय."

असो. बाजारातला स्फोट झाला, जखमी तुझ्या हॉस्पिटलात आले, तू त्यांना पुन्हा चालायला, हात उचलायला शिकवायला लागलीस. दारात कुणीतरी माइक धरला आणि तू म्हणालीस, "हे करणारे माझ्या धर्माचं नाव घेतात, आणि त्यांनी मोडलेली माणसं मी उभी करते." वाक्य चांगलं होतं. पण त्या एका वाक्यावर तू आता दर आठवड्याला इस्लाम समजावून सांगणार का? मी अर्धं आयुष्य कॉलेजात तोच विषय शिकवते आहे. अब्बांसमोर बसून अरबी शिकले ती मी. तू तेव्हा गच्चीत उड्या मारत होतीस.

आज प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं, वार्षिक व्याख्यानासाठी शेवटी माझा नंबर लागला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या बहिणीला विचाराल का?"

आणि मुख्य मुद्दा. तो सूत्रसंचालक दर वेळी विचारतो, "तुम्ही निषेध करता का?" आणि तू दर वेळी शाळेतल्या मुलीसारखी "हो, करते" म्हणतेस. का? एखाद्या दंतवैद्याने खून केला तर गावातल्या बाकी दंतवैद्यांना बोलावून कुणी विचारतं का? तू उत्तर देतेस म्हणून त्यांना प्रश्न विचारायचा हक्क मिळतो.

अब्बा बरे आहेत. तुझी आठवण काढतात. दिवसातून बऱ्याचदा.

आपा

१७ जानेवारी

आपा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, कारण तुझ्या आवाजात वाचलं.

दंतवैद्याचं बरोबर आहे, पण हे मारणारे दंतवैद्यकीच्या नावाने मारत नाहीत ना. ते माझ्या आणि तुझ्या प्रार्थनेतले शब्द तोंडात घेऊन मारतात. आपण म्हणायचं, "आमचा काही संबंध नाही, आम्हाला विचारू नका", आणि दार लावून घ्यायचं? मग ते शब्द त्यांचेच होऊन जातात. मला तो प्रश्न आवडतो असं तुला वाटतं का? पण मी गप्प बसले तर समोरचा त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावतो.

तुला एक सांगते. माझ्याकडे एक फुलवाल्या मावशी आहेत. बाजारात त्यांचं दुकान होतं. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. पहिल्या दिवशी मी हात धरायला गेले, त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि हात चादरीखाली घेतला. "दुसरं कुणी नाही का?" एवढंच म्हणाल्या. मी दुसऱ्या बाईला पाठवलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. मग कधीतरी त्यांनी मला टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला बघून आपणहून हात पुढे केला. म्हणून जाते मी, आपा. तुला वाटतं तशी मेकअपसाठी नाही. (मेकअप वाईट नसतो मात्र.)

आणि मी वाहिनीवाल्यांना तुझं नाव सुचवलं होतं. सुरुवातीलाच. म्हटलं, खरी अभ्यासक माझी बहीण आहे. त्यांनी विचारलं, डोक्यावर रुमाल बांधतात का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बघू."

अब्बांना सांग, व्यायाम चुकवू नका. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात.

टकळी

२४ जानेवारी

टकळी,

माझं नाव सुचवायला तुला कुणी सांगितलं होतं? तू सोडलेल्या खुर्चीवर बसायला मी रांगेत उभी आहे असं वाटलं का तुला? आणि "बघू" हे तू मला कळवलंस तरी कशाला? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?

रुमालाचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांना आपल्यातली अशीच बाई हवी असते, जी दिसायला त्यांच्यासारखी असेल. मग ती काय बोलते ते ऐकायला सोपं जातं. मी बसमध्ये बसले की शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. बॅग मांडीवर घेतली तरी लोक बघतात, खाली ठेवली तर जास्तच बघतात. तुझ्या शेजारी लोक येऊन बसतात. यात तुझा दोष नाही. पण त्याचं श्रेय तू स्वतःच्या बोलण्याला देऊ नकोस.

फुलवाल्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. त्यांनी हात पुढे केला हे चांगलं झालं. पण विचार कर, तू एरवी चांगली असून पुरलं नाही. तू टीव्हीवर चांगली ठरल्यावर पुरलं.

अब्बा माझं ऐकतात हे तुला कुणी सांगितलं? मी "व्यायाम" म्हटलं की त्यांना झोप येते. काल काकूंना सांगत होते, "धाकटीने मला पायाचा व्यायाम शिकवलाय, रोज करतो."

आपा

३ फेब्रुवारी

आपा,

भांडण जरा बाजूला ठेव, मला तुझी गरज आहे.

चौदा तारखेला मोठा कार्यक्रम आहे, प्रत्यक्ष प्रक्षेपण. समोर ते लेखक असणार आहेत, ज्यांची पुस्तकं दुकानात काचेत लावलेली असतात. हिंसा आपल्या धर्माच्या मुळातच आहे असं म्हणणारे. ओरडत नाहीत, सावकाश बोलतात. त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

मी कुराणातली ती आयत सांगणार आहे, एका माणसाला मारणं म्हणजे साऱ्या माणसांना मारणं, या अर्थाची. लहानपणापासून ऐकलेली. ती अशीच आहे ना? तिच्या मागेपुढे काही आहे का? ते तिच्यावर काय विचारतील? मला अरबी येत नाही, तुला माहीत आहे. कार्यक्रमात काय बोलायचं ते मी लिहून काढलंय, सोबत पाठवते. चुकलं असेल तर लाल पेनाने खोड, मुलांचे पेपर तपासतेस तशी. अजिबात दया दाखवू नकोस.

तू एकदा बघितलंस की मी निर्धास्त.

टकळी

७ फेब्रुवारी

टकळी,

वाचलं. छान लिहिलं आहेस. खोडण्यासारखं काही नाही. तू बोलतेस तसंच बोल, लोकांना तेच आवडतं.

इकडे परीक्षा सुरू आहेत, म्हणून थोडक्यात.

आपा

२१ फेब्रुवारी

आपा,

तू पाहिलंच असशील. फोन केला नाहीस त्याअर्थी पाहिलंच.

मी ती आयत सांगितली. ते लेखक हसले नाहीत, काही नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, पूर्ण म्हणाल का?" मी म्हटलं, एवढीच आहे. मग त्यांनी पूर्ण म्हटली. खून करणारा आणि पृथ्वीवर उत्पात माजवणारा, यांचा अपवाद त्या वाक्यातच आहे म्हणे. आणि लगेच पुढची आयत, ज्यात ठार करण्याची, हातपाय तोडण्याची शिक्षा आहे. ते वाचून झाल्यावर म्हणाले, "अपवाद आणि पुढची ओळ तुम्ही नेहमी का गाळता? माहीत नसते म्हणून, की आम्हाला माहीत होऊ नये म्हणून?"

आपा, मला काहीच बोलता आलं नाही. टकळीला. कॅमेरा माझ्या तोंडावर होता आणि मी पाण्याचा ग्लास शोधत होते.

आता तो तुकडा सगळीकडे फिरतोय. काही जण लिहितात, गोड बोलून फसवणारी. आपल्यातले लिहितात, अर्धवट बाई, हिला बोलायला सांगितलं कुणी? दोन्हीकडून सारखाच मार. हॉस्पिटलने मला थोडे दिवस कागदी कामाला बसवलंय. "तुमच्याच भल्यासाठी." मी फायली लावते.

फुलवाल्या मावशींना भेटायला मी गुपचूप वर गेले होते. त्यांनी हात चादरीखाली घेतला नाही. नुसत्या म्हणाल्या, "तू मला अर्धंच सांगितलंस." ते लेखक काय बोलले ते मी विसरेन. हे नाही विसरणार.

तुला एवढंच विचारायचंय. तुझ्याही नजरेतून कसं सुटलं?

टकळी

२६ फेब्रुवारी

टकळी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. टीव्ही असाच असतो, मी तुला आधीपासून सांगत होते. तिथे विचार चालत नाही, वार चालतात. परीक्षेच्या गडबडीत मी घाईने वाचलं असेल. अशा गोष्टी होतात. महिन्याभरात लोक विसरतील, त्यांना दुसरं काहीतरी मिळेल.

अब्बांनी कार्यक्रम पाहून टीव्ही बंद केला आणि जेवले नाहीत. मी जवळ बसले तर म्हणाले, "तिला फोन लाव." मी लावला नाही, तू झोपली असशील असं सांगितलं.

दुसरी बातमी. वाहिनीवाल्यांचा मला फोन आला. कुणीतरी माझं पुस्तक त्यांच्या हातात दिलंय. मला बोलावतायत. मी अजून काही कळवलेलं नाही.

आपा

३ मार्च

आपा,

तू फोन लावला नाहीस म्हणून अब्बांनी काकूंच्या सुनेकडून लावून घेतला.

मी रडायला लागले. ते म्हणाले, "अगं, ती आयत ना? त्यात काय, काझीबाईला विचारायचं." तुला अजून काझीबाईच म्हणतात. मग स्वतःच सांगायला लागले. त्या पुढच्या आयतीवर तू कॉलेजात असताना त्यांच्याशी किती भांडली होतीस. अपवाद आहे तो न्यायाधीशापुढे शाबित झालेल्या गुन्ह्याचा, वाटेल त्याच्या हातात सुरी देण्याचा नाही. आणि पुढची शिक्षा जुन्या पंडितांनी लावली ती वाटमाऱ्यांना, रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसांवर दहशत बसवणाऱ्यांना. म्हणजे बाजारात स्फोट करणाऱ्यांनाच. "हातपाय तोडणं कुणी शिक्षा म्हणून आज मागावं का, हा वाद वेगळा, आणि तोही ती माझ्याशी घालायची," असं म्हणाले. "काझीबाईने हे सगळं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. तिच्यासारखी समज माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत नव्हती."

म्हणजे तुला उत्तर माहीत होतं. अख्खं उत्तर.

अब्बांना मी काही बोलले नाही. आपाला विचारलंच नव्हतं, असं मी सांगितलं. तुझं नाव राखलं, का राखलं ते मला माहीत नाही.

आता मीही एक सांगते. दुपारी तुमच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आत तू आणि अब्बा. मी गच्चीत उड्या मारत होते हे खरं, पण गच्चीतून त्या खोलीची खिडकी दिसते म्हणून तिथे मारत होते. तुला वाटतं ते मला बघायला लोक जमवतात. कार्यक्रम संपल्यावर मला फोनवर काय विचारतात माहीत आहे? "आपाला विचारून बोललीस ना?" दर वेळी. एकदाही "चांगलं बोललीस" नाही.

म्हणून विचारलं होतं तुला.

जा तू टीव्हीवर. बस त्या खुर्चीत. आता मला पत्र लिहू नकोस.

८ मार्च

टकळी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते.

हो. माहीत होतं. तुझा कागद वाचतानाच दिसलं. मी तुला उत्तर लिहायला बसलेही होते, दोन पानं भरली, अगदी चांगली उतरली होती. मग वाटलं, हे सगळं तू तुझ्या तोंडून बोलणार. अब्बा इथे हात वर करून सगळ्यांना गप्प करणार, आणि मी आत चहा गाळत माझंच वाक्य तुझ्या आवाजात ऐकणार. मी पानं फाडली. तुझी नाचक्की व्हावी असं मनात नव्हतं. तू जराशी अडखळावीस, अब्बांनी माझ्याकडे वळून विचारावं, एवढंच होतं. आडातलं पाणी किती खोल आहे ते मी पाहिलं नाही.

ते माझ्याबद्दल असं बोलतात हे मला तुझ्या पत्रातून कळलं. माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. ते वाचून मला आनंद झाला, हे तुला सांगायची लाज वाटते. बाकीचं पत्र वाचायच्या आधी मी तेवढंच पुन्हा वाचलं.

वाहिनीला मी हो कळवलंय. अठरा तारखेला. तुझी बाजू सावरायला जाते असं लिहिणार होते. ते पूर्ण खरं नाही. मला जायचंय.

अब्बांना एकटं ठेवता येत नाही. मी सकाळच्या गाडीने निघेन, किल्ली काकूंकडे. तू ये किंवा येऊ नकोस. आलीस तर त्यांना बरं वाटेल.

आपा

२० मार्च

टकळी,

घरी आले तर तू गेलेली होतीस. स्वयंपाकघर माझ्यापेक्षा नीट आवरून गेलीस, तेही जाणूनबुजून केलंस असं वाटलं.

तुम्ही दोघांनी पाहिलंच असणार, तरी माझ्या बाजूने सांगते.

मेकअपवाल्या बाईने विचारलं, रुमाल जरा फिकट रंगाचा नाही का? नव्हता. त्या खुर्चीला हात नाहीत हे तू कधी सांगितलं नव्हतंस. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. ते लेखक उठून उभे राहिले, अदबीने बोलले. मला वाटलं, आता खरी चर्चा होईल.

पहिला प्रश्न: "तुम्ही निषेध करता का?" मी ठरवून गेले होते, याचं उत्तर द्यायचं नाही, प्रश्नावरच बोलायचं. तुला दंतवैद्याचं लिहिलं होतं ते तयार होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "हो, करते. अर्थातच करते." वर आणखी एकदा, विचारलेलं नसताना. सूत्रसंचालक थांबला होता, टकळी, आणि ते थांबणं मला सोसलं नाही. समोरचा गप्प बसण्याचाही अर्थ लावतो असं तू लिहिलं होतंस, ते मला तिथे कळलं.

मग आयत. मी अपवादाचं सांगितलं, न्यायालयाचं सांगितलं. वाटमाऱ्यांवर येत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "थोडक्यात." मी थोडक्यात बोलायला कधी शिकलेच नाही. जुन्या पंडितांपाशी पोचले आणि जाहिराती लागल्या. परत आल्यावर विषय बदलला होता.

तेव्हा मी मधेच बोलले, तुझ्यासारखी. म्हटलं, "माझ्या बहिणीने काही लपवलं नाही. तिने मला विचारलं होतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, कारण मला तिचा हेवा वाटला." तो सूत्रसंचालक हसला. "म्हणजे घरातच एकवाक्यता नाही," म्हणाला. समोरचे लोक हसले. खाली पट्टी फिरत होती म्हणे, "बहिणींमध्येच मतभेद". लेखकमहाशय मात्र हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्ही ते बोलायला नको होतं." मी विचारलं, तुम्हाला ते अर्थ ठाऊक होते का, वाटमाऱ्यांचे? म्हणाले, "हो, वाचलेत." आणि गाडीत बसून गेले.

अब्बांनी मला काही विचारलं नाही. मी आत आले तेव्हा मागे उशी घेऊन बसले होते. "गाडीत जागा मिळाली का?" एवढंच. मीही काही विचारलं नाही. पण तू त्यांच्याजवळ होतीस. ते काय म्हणाले?

आपा

२६ मार्च

आपा,

तुला माफ केलं असं समजून हे पत्र वाचू नकोस. अजून केलेलं नाही. सकाळी उठले की आठवतं, मग पुन्हा राग येतो, मग कामावर जाते.

हो, कामावर. फायलींतून सुटका झाली. तुझ्यामुळे नाही, माणसं कमी पडली म्हणून. तुझा कार्यक्रम बघून हॉस्पिटलचं मत बदललं असेल असं वाटत असेल तर तसं काही नाही. जिन्यात अजून दोघं-तिघं मला बघून बोलणं थांबवतात.

फुलवाल्या मावशींनी तुला पाहिलं. म्हणाल्या, "तुझी बहीण पुस्तक वाचल्यासारखं बोलते." मी म्हटलं, हो. "पण शेवटी ते हेव्याचं का सांगितलं तिने? कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यांनी ते वाटमाऱ्यांचं काय होतं ते विचारलं. तुझं अर्धं राहिलेलं मी पूर्ण सांगितलं, अब्बांकडून ऐकलं होतं तेवढं, आणि जे मला माहीत नाही तिथे माहीत नाही म्हटलं. "चल, हात घे," म्हणाल्या. लगेच सगळं जुळलं असं समजू नकोस. बोटं फार आखडली होती आणि दुसरी बाई रजेवर होती. पण रबरी चेंडू त्यांनी आज अर्धा मिटला.

आता अब्बांचं. त्या दिवशी त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. काकू आपणहून आल्या तर त्यांनाही, उद्या या, म्हणाले. दार लोटून घ्यायला सांगितलं. त्या खोलीत आत आम्ही दोघंच. मला अशा वेळी तिथे बसायला पहिल्यांदाच मिळालं. तू बोलायला लागलीस आणि ते थोडे पुढे वाकले. वाटमाऱ्यांपाशी तू अडलीस तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, तुझं पुढचं वाक्य ते म्हणत होते. मग तू ते माझ्याबद्दलचं बोललीस.

ते ऐकून ते बोलले. तुझ्याबद्दल. लांबलचक नाही, पण त्यांनी ते माझ्याकडे न बघता म्हटलं, म्हणजे मनापासून होतं. तू आयुष्यभर त्यांच्या तोंडून जे ऐकायची वाट बघितलीस ना, ते तेच असावं.

मी ते तुला लिहिणार होते. कागद घेतला, सुरुवातही केली. पण नाही लिहीत. त्यांना विचारलंस तर ते बोललोच नाही म्हणतील, तुला माहीत आहेत ते. कधीतरी सांगेन. थोडे दिवस ते माझ्याकडेच राहू दे.

टकळी